एक उशिरा ऐकलेली तबकडी

एखादी कलाकृती आपल्या घरात पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून असावी, तिच्याविषयीचे आपले मत कधीच कायम झालेले असावे, ते चार लोकांत आपण ठासून सांगितलेलेही असावे, आणि तिचा प्रत्यक्ष अनुभव मात्र आपण एकदाही घेतलेला नसावा, हा प्रकार वाटतो तितका विरळा नाही. कित्येक देवघरांत ज्ञानेश्वरी अशीच नांदत असते. आमच्या आष्ट्याच्या घरी ही दशा एका जॅझच्या तबकडीच्या वाट्यास आली.

माझे वडील शाळामास्तर होते. गाणे म्हणजे किराणा आणि किराणा म्हणजे अब्दुल करीम खाँ, असे त्यांचे संगीतविषयक धर्मशास्त्र मोठे सुटसुटीत होते. खाँसाहेब १९३७ साली वारले, म्हणजे वडिलांना ते प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले नाहीत. परंतु मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जेथे खाँसाहेबांची कबर आहे, तेथे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेस ते वर्षानुवर्षे सायकलवरून जात असत. अशा मनुष्याने १९६८ साली निघालेली ‘राग-जॅझ स्टाइल’ ही शंकर-जयकिशन यांची तबकडी सांगलीहून विकत आणावी, याचे मला फार दिवस नवल वाटे. कारण अगदी साधे असावे. वेष्टनावर तोडी, भैरव, मालकंस अशी नावे होती. राग अकरा आणि तबकडी एक, हा हिशेब मास्तराच्या पगाराला पटला असेल. ‘जॅझ’ या शब्दाकडे त्यांनी कानाडोळा केला. शेजारच्या डॉक्टरांच्या यंत्रावर त्यांनी ती एकदाच लावली, “बासुंदीत कांदा चिरला आहे” एवढाच शेरा मारला, आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत गेली.

ही हकीकत माझ्या जन्मापूर्वीची. पण तो शेरा मला वारसाहक्काने मिळाला. महाविद्यालयात इंग्रजी शिकविताना कलांच्या संकराचा विषय निघाला की बासुंदीतील कांदा मी न चुकता बाहेर काढीत असे, आणि विद्यार्थी न चुकता हसत असत. तबकडी मी ऐकलेली नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि खरे म्हणजे मलाही ते कधी टोचले नव्हते.

गेल्या माघात, वडिलांच्या मागे प्रथमच, ती ट्रंक उघडली. तबकडीचे वेष्टन कडांना पिवळे पडले होते. त्यावर छापलेल्या रागांच्या यादीत ‘मालकंस’ या नावापुढे वडिलांच्या अक्षरातले एक बारीक, पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह होते. बाकी खूण कोठेही नव्हती. मी ते बराच वेळ पाहत राहिलो. ज्याचे मत ठरले आहे तो मनुष्य प्रश्नचिन्ह काढीत नाही. मग सांगलीच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून तबकड्या वाजविण्याचे यंत्र मागवून घेतले, आणि पलीकडच्या आळीतल्या तात्यांना बोलावणे पाठविले. तात्या भजनी मंडळात तबला वाजवितात. तरुणपणी त्यांनी शाहिरांच्या मागे ढोलकीही धरलेली आहे. आमचा हा वाळवे तालुका पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ साठे यांचा; ताल ओळखणारी माणसे येथे शोधावी लागत नाहीत. ऊस तोडणीचे दिवस होते. बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर आपापले कर्णे लावून जात होते, आणि त्या गदारोळात तोडीचा पहिला स्वर निघाला.

प्रथम तबकडीची जातकुळी सांगितली पाहिजे. शंकर-जयकिशन ही हिंदी चित्रपटांतील सर्वांत यशस्वी संगीतकारांपैकी एक जोडी. रागदारीशी त्यांचा संबंध नवा नव्हता. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये त्यांनी भीमसेन जोशांना गावयास लावले होते. या तबकडीत मात्र शब्द नाहीत, गायक नाही, पडदा नाही. सतार रईस खाँची. इंदुरास जन्मलेले, विलायत खाँचे भाचे, तेव्हा वय तिशीच्या आत. पुढे ते पाकिस्तानात गेले आणि २०१७ साली कराचीस निवर्तले. सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा, ट्रंपेट जॉन परेरांचा, पियानो ल्युसिला पाशेको यांचा, बासरी सुमन राज यांची, गिटारी दिलीप नाईक आणि अनिबाल कास्त्रो यांच्या, बास एडी ट्रॅव्हस यांचा. ड्रम लेस्ली गुदिन्हो यांचे, तबला रमाकांत यांचा. तोडीपासून निघून भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी असा प्रवास करीत तबकडी भैरवीवर थांबते. रागांच्या वेळांची यात धूळधाण आहे हे उघड आहे. सकाळच्या भैरवाला खेटून मध्यरात्रीचा मालकंस उभा केला आहे. तरीही आरंभ तोडीने आणि शेवट भैरवीने करावा, एवढी मैफलीची रीत त्यांनी पाळली. हे मला आवडले. घर सोडून निघालेला मनुष्यही उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून जपतो, तसे ते वाटले.

पहिल्या दोन रागांत मी वडिलांच्या बाजूचा होतो. सतार तोडीचे दोनचार स्वर घोळवून वातावरण उभे करते न करते तोच पियानोच्या पट्ट्या पडतात, आणि तोडीचा तो अतिकोमल गांधार, ज्याच्यासाठी आमचे गवई जन्म घालवितात, तो ठोकळ्यासारखा समोर येतो. पियानोच्या सप्तकाचे बारा भाग सारखे पाडलेले. त्यात तोडीचा गांधार नाही आणि भैरवाचा आंदोलित ऋषभही नाही. हा वाद आमच्या भागास परका नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमंट्स यांनी त्यांच्या मताचा हिरिरीने पुरस्कार केला. आणि श्रुती प्रत्यक्ष गळ्यातून काढून दाखविण्यास त्यांच्यापाशी अब्दुल करीम खाँच होते. तेव्हा पियानोवरील तोडीस नाक मुरडण्याचा अधिकार सांगली-मिरजेकडील माणसास इतरांपेक्षा थोडा अधिकच पोहोचतो, असे मला वाटू लागले होते.

इतक्यात माझी दृष्टी कोपऱ्यातल्या पेटीवर गेली. वडिलांची पेटी. तिच्याही पट्ट्या बाराच, आणि जवळजवळ तशाच सारख्या पाडलेल्या. आकाशवाणीने १९४० साली पेटीस बंदी केली ती तीस वर्षे टिकली. परंतु आमच्या घरात, आमच्या नाटकांत, आमच्या भजनांत तिला कोणी उठविले नाही. बालगंधर्वांच्या गाण्यामागे पायपेटीचा ऑर्गन वाजत असे आणि त्या सुरावर सारा महाराष्ट्र डोलत असे. पेटीवरची तोडी ज्याने पन्नास वर्षे आनंदाने ऐकली त्याला पियानोवरची तोडी एकाएकी असह्य व्हावी, यात श्रुतींचा कैवार किती आणि परक्या वाद्याचा तिटकारा किती, हे मनाशी तपासून पाहणे बरे. मी तपासले, आणि निकाल माझ्याविरुद्ध गेला. शिवाय सॅक्सोफोनाकडे त्या वेळेपर्यंत माझे लक्षच नव्हते. या वाद्याच्या तोंडाशी ओठ किंचित सैल केले की स्वर वाकतो, घसरतो. मींड त्याला परकी नाही. कद्री गोपालनाथ यांनी पुढे याच वाद्यावर सबंध कर्नाटक संगीत वाजवून दाखविले. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन सतारीमागून बोलू लागतो तेव्हा दोन देशांची वाद्ये भेटली असे वाटत नाही. मोठ्या भावाचे वाक्य धाकट्याने जरा जड आवाजात पुरे केले असे वाटते.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन बाजू मिळून अकरा राग. एकेकाच्या वाट्यास सरासरी चार मिनिटे. चार मिनिटांत मियाँमल्हाराचा ढगसुद्धा भरून येत नाही, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण ज्या खाँसाहेबांच्या नावाने आमच्या घरी सर्व न्यायनिवाडे होत, त्यांची कीर्ती मुख्यतः तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांनीच घरोघर पोहोचविली आहे. त्यांची भैरवीतील ‘जमुना के तीर’ ऐकून उठलेल्या कोणाही माणसाने ती अपुरी वाटली असे म्हटल्याचे मला माहीत नाही. तेव्हा थोड्या वेळाचा दोष वेळेवर ढकलता येत नाही. खाँसाहेब त्या तीन मिनिटांत रागाच्या आत शिरून बसत. येथे प्रत्येक रागाच्या दारावर थाप मारून पुढच्या घरी जाण्याची लगबग आहे. अकरांऐवजी चारच राग घेतले असते तर, असे पुनःपुन्हा मनात येते. परंतु अकरा ही संख्याच तबकडी विकते. माझ्या वडिलांना विकली तशी.

मग मालकंस आला, आणि मी सावरून बसलो.

येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पाश्चात्य संगीतात स्वर एकामागून एक येतात तसेच ते जुडग्यांनीही येतात. या जुडग्यास कॉर्ड म्हणतात. साधे जुडगे तीन स्वरांचे. एक मूळ स्वर, त्यावर गांधाराच्या अंतराचा एक, आणि पंचमाच्या अंतराचा एक. जो स्वर मूळ, तो घराचा धनी. आता मालकंसाचे स्वर पाहा: षड्ज, कोमल गांधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पंचम वर्ज्य. पंचमच नाही म्हटल्यावर षड्जावर असे जुडगे उभेच राहत नाही. रागातल्याच स्वरांत राहावयाचे म्हटले तर दोन जुडगी निघतात. एक मध्यमावर, दुसरे कोमल धैवतावर. म्हणजे पियानोवाला कितीही प्रामाणिक असो, रागाबाहेरचा एकही स्वर त्याने न घेवो, तो जुडगे वाजवील तेव्हा यजमानपण षड्जाकडून निसटून मध्यमाकडे झुकेल. मालकंसात मध्यमाचा मान मोठा आहे हे खरे. तंबोराही आपण मध्यमात मिळवतो. परंतु तो मानकरी आहे, यजमान नव्हे. पहिल्या ऐकण्यात मला त्या रागाचे घर किंचित हलल्यासारखे वाटले, ते का, हे शोधता शोधता मी या हिशेबापाशी आलो. आणि मग त्या पेन्सिलीच्या खुणेचा उलगडा झाल्यासारखे वाटले. वडिलांना कॉर्ड हा शब्द माहीत नव्हता. पण ज्या कानाने षड्जाभोवती पन्नास उन्हाळे काढले, त्याला यजमान जागेवरून उठल्याचे कळले असले पाहिजे. स्वर तर सगळे मालकंसाचे, मग हे काय झाले? ते प्रश्नचिन्ह याहून निराळ्या कशाचे असेल असे मला वाटत नाही. बासुंदीचा शेरा लोकांसाठी होता.

पुढे लगेच कलावती लागतो, आणि चमत्कार असा की तोच हिशेब येथे उलटा पडतो. कलावती हा कर्नाटकातून येऊन आपल्याकडे रुळलेला राग. स्वर षड्ज, गांधार, पंचम, धैवत आणि कोमल निषाद. यांतले षड्ज, गांधार, पंचम आणि कोमल निषाद एकदम वाजविले तर जॅझचे, त्यातही ज्याला ब्लूज म्हणतात त्या नीग्रो विलापगीताचे, सर्वांत आवडते जुडगे तयार होते. त्यावर धैवत ठेवला तर जॅझवाले अधिकच खूष. म्हणजे कलावती हा सबंध रागच उलगडून ठेवलेली एक जॅझची कॉर्ड आहे, किंवा ती कॉर्ड हाच मिटून ठेवलेला कलावती आहे. येथे कोणालाच कोणासाठी वाट वाकडी करावी लागत नाही. पितळी वाद्ये आली तरी षड्ज आपल्या पाटावर बसून आहे, आणि सतारही मोकळी. ही दोनच स्थळे शेजारी ठेवून ऐकली तर दोन संगीतांचा संकर ‘व्हावा की न व्हावा’ हा आपल्याकडचा जुना वाद किती पोकळ आहे हे दिसेल. तो सरसकट होतही नाही आणि सरसकट बिघडतही नाही. कोणता राग, कोणते स्वर, कोणते जुडगे, हे पाहावे लागते. हे पाहण्याचे कष्ट शंकर-जयकिशन यांनी सर्वत्र घेतलेले दिसत नाहीत. मला त्यांच्यावर मुख्य राग आहे तो या एका गोष्टीचा. जॅझ आणले याचा नाही.

तबकडी संपल्यावर ताडून पाहण्याच्या बुद्धीने मी त्याच रात्री अमेरिकेतील माइल्स डेव्हिस याची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी लावली. तीही मी प्रथमच ऐकत होतो. जॅझच्या तबकड्यांत तिच्याइतका लौकिक दुसरीस क्वचितच असेल. १९५९ साली, मार्चात एक आणि एप्रिलात एक, अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत ती मुद्रित झाली. पाऊण तासात येथे पाचच गती आहेत. आमच्याकडे अकरा!

तिची पहिलीच गत रागवाल्या कानास फसविते. आरंभी पियानो आणि बास लयीबाहेर काहीसे पुटपुटतात. मग बास मुखडा सांगू लागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे सारे मिळून दोनच आघातांचे उत्तर देतात. तात्या तोपर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ते एकदम म्हणाले, “सर, ह्यो तर शाहीर हाय. आन् मागं झीलकरी ‘जी जी’ म्हणत्यात बघा.” मी चकित झालो. न्यूयॉर्कच्या त्या गतीचे इतके नेमके वर्णन माझ्या वाचनात आलेले नाही.

गतीचे स्वर काफीचे. ज्यास आपण पांढरी दोन म्हणतो त्या पट्टीत चौसष्ट मात्रा काफी चालतो. आपण म्हणतो, वा, हा तर राग! आणि पासष्टाव्या मात्रेस सर्व मंडळी एकदम काळी दोनमध्ये चढतात. तेच स्वर, तोच काफी, पण षड्जच अर्ध्या स्वराने वर गेला. बत्तीस मात्रा तेथे, की पुन्हा खाली येऊन बत्तीस मात्रा. एकशे अठ्ठावीस मात्रांचे हे आवर्तन. त्यावर आधी डेव्हिस, मग कोल्ट्रेन, मग अ‍ॅडर्ली, मग पियानोवाला इव्हान्स, अशी पाळीपाळीने प्रत्येकाची बढत. जॅझ आणि राग यांची सोयरीक जुळविणारे पंडित नेमके या गतीचे उदाहरण देतात, आणि नेमके तेथेच त्यांचे चुकते. या गतीसाठी तंबोरा लावून दाखवा म्हणावे. दोन तंबोरे लागतील, आणि एक वाजताना दुसरा दाबून धरावा लागेल. आमच्या संगीतात सर्व हलते, षड्ज हलत नाही. त्यांच्या संगीतात षड्ज हलतो, आणि तो हलण्यातच त्यांची गंमत आहे. पहिल्यांदा तो चढला तेव्हा मला पायाखालची पायरी सरकल्यासारखे झाले. चौथ्या आवर्तनापर्यंत मी त्या चढण्याची, समेची पाहावी तशी, वाट पाहू लागलो होतो.

यावरून मूळ तबकडीच्या मर्यादा मला अधिक स्पष्ट दिसल्या. रागासाठी षड्ज स्थिर ठेवावयाचा म्हटल्यावर जॅझने आपले सर्वांत मोठे धन घरीच ठेवले. जॅझसाठी वाद्यवृंदाने एकदम वाजावयाचे आणि चार मिनिटांत आटपावयाचे म्हटल्यावर रागाने आपले सावकाश उलगडणे सोडले. दोघांनीही उंची पोशाख उतरवून ठेवले आणि साध्या कपड्यांत भेटले. मग या भेटीत उरले काय? मी हे मोठ्याने बोललो असलो पाहिजे, कारण तात्यांनी उत्तर दिले. “लय उरली की. ती पयली तबकडी परत लावा.”

मी पुन्हा लावली, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे स्वरांकडे दुर्लक्ष करून खाली काय चालले आहे ते ऐकू लागलो. तबला आणि ड्रम एकत्र वाजले की एकाने दुसऱ्यास दडपावे, हा सिनेमातील नित्याचा अनुभव. येथे तसे होत नाही. तात्यांच्या मते ड्रमवाल्याची पितळी झांज हाच खरा दुवा. ती भजनातल्या टाळासारखी अखंड चालते, काळ मोजण्याचे काम आपल्याकडे घेते, आणि त्यामुळे तबला मोजणीतून सुटून बोलावयास मोकळा होतो. “आमच्यात टाळकरी पक्का आसला की तबलजीला चैन पडती, तसं हाय हे.” जॅझच्या ठेक्यात मात्रेचे दोन अर्ध सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे चाल झोके घेते. तबल्याचे बोल त्या झोक्यात घालावयाचे म्हणजे आडी-कुआडीचा हिशेब हातात मुरलेला पाहिजे. लेस्ली गुदिन्हो आणि रमाकांत या दोन नावांकडे मी प्रथम वेष्टनावर ओझरते पाहून पुढे गेलो होतो. तिसऱ्या ऐकण्यास मी केवळ त्यांच्यासाठी बसलो.

आणि नावांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. या तबकडीतील वादकांच्या नावांवरून नजर फिरविली तर गोव्याचा वास लपत नाही. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस येत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा नीग्रो वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि या गोवेकर मंडळींनी जॅझ समोर बसून उचलले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवीत. त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे दारूबंदीने हॉटेलांतला नाच मंदावला तसे हे लोक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अधिकाधिक शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. म्हणजे मास्टर भगवानांच्या पावलांवर ज्या महाराष्ट्राने फेर धरला, त्याने जॅझ ऐकले नव्हते असे म्हणणे खोटे आहे. ऐकले होते, कोणाचे ते विचारले नव्हते. त्या काळी चित्रपटाच्या आरंभी संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई, आणि वाजविणारे चाळीस-पन्नास लोक नावाविनाच घरी जात. मी स्वतःला या तबकडीचा प्रथम श्रोता समजून बसलो होतो. परंतु बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या कर्ण्यावर जे चालू होते त्यातला पितळी वाद्यांचा उठाव त्याच पिढीने घालून दिलेल्या वळणाचा होता. लहानपणापासून तो माझ्या कानांवर पडत आला आहे. ‘राग-जॅझ स्टाइल’चे एक मोल असे की तिने या मंडळींना गाण्याच्या मागून काढून पुढच्या ओळीत बसविले, आणि वेष्टनावर त्यांची नावे छापली. चिक चॉकलेट त्यापूर्वी एकच वर्ष, १९६७ साली, वारले होते.

तबकडीस दोष आहेत. पियानोची जुडगी काही ठिकाणी रागाच्या कुशीत न शिरता त्याच्यावर टांगली आहेत. तिलककामोद आणि जयजयवंती यांच्यासारखे वळणावळणाचे राग सरळ रस्त्यावर आणून उभे केल्यासारखे वाटतात. त्यांची नजाकत आरोह-अवरोहाच्या वक्रतेत असते आणि वाद्यवृंदाला सरळ चालण्याची घाई असते. शिवरंजनीत शंकर-जयकिशन आपल्या चित्रपटांच्या अगदी जवळ येतात, इतके की आता कोणी तरी गाऊ लागेल असे वाटून मी एकदा उगाच थांबलो. उलट भैरवीत तीच सिनेमाची सवय त्यांच्या उपयोगी पडते. भैरवी ही त्यांची आयुष्यभराची आवडती. बारा स्वरांना दार उघडे ठेवणारी, पाहुण्यास जात न विचारणारी. तेथे पियानोही खटकत नाही.

मुंबईत झालेल्या या प्रयोगाआधी, १९६६ साली, लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमेकाचे जो हॅरियट यांनी असाच एक प्रयोग केला होता. तो अधिक शास्त्रशुद्ध आहे आणि, माझ्या मते, अधिक कोरडा. शंकर-जयकिशन यांना लोकांना रिझविण्याची चाळीस चित्रपटांची नव्हे, त्याहून अधिकांची सवय होती. ती सवय त्यांनी येथेही टाकली नाही, आणि तबकडीचे गुण आणि अवगुण दोन्ही त्या एका मुळातून आले आहेत.

मध्यरात्र उलटली तेव्हा तात्या उठले. दारात चपला घालता घालता त्यांनी विचारले, “मास्तरांनी ही कधी वाजवली न्हाई का हो?” मी म्हटले, “एकदा वाजविली होती.” ते वेष्टन हातात घेऊन त्यांनी दिव्याखाली धरले आणि ती पेन्सिलीची खूण बराच वेळ न्याहाळली. वाचता त्यांना इंग्रजी येत नाही. मी त्यांना तो मालकंस असल्याचे सांगितले. “मंग बरोबर हाय,” ते म्हणाले, “तितं कायतरी हालतंयच.” आणि मग, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर, “पर त्याच्या फुडचा ऱ्हावू द्या उद्याला. मंडळातल्या पोरांना घिऊन येतो.”